बँजोवरचे नाव सगळ्यात शेवटी वाचा

वाचकाचे पत्र: आम्ही पेन्सिल्वेनियात राहतो. शेजारच्या वृद्ध बाईंच्या निधनानंतर त्यांच्या मुलांनी घरसामान विकायला काढले, तेव्हा माळ्यावर सापडलेला एक पाच तारांचा बँजो मी घेतला. रिम, म्हणजे ज्यावर कातडे ताणतात ते गोल कडे, सुमारे ११ इंच व्यासाची आहे. तिला बाहेरून पांढऱ्या धातूचा पत्रा आहे, आतून लाकूड दिसते आणि मागची बाजू उघडी आहे. दांडीवर उठावाचे पडदे आणि शिंपल्याचे छोटे तारे आहेत, खुंट्या पांढऱ्या आहेत. दांडीच्या डोक्यावर नाव नाही. आतल्या लाकडी काठीवर चार आकडी क्रमांक आणि एक पुसट, लंबगोल शिक्का आहे. त्या घरातले लोक सांगतात की त्यांच्या पणजोबांनी तो अमेरिकन यादवी युद्धात वाजवला होता, आणि पणजोबा बँजो घेऊन बसल्याचा पत्र्यावरचा जुना फोटोही त्यांच्याकडे आहे. एका दुकानदाराने पाहताक्षणी ‘हा स्ट्युअर्टचा’ असे म्हटले. गिरणगावातल्या बेंजो पार्टीत वाजवलेले माझे मामा मात्र म्हणतात, हा बेंजोच नव्हे. हा कोणी केला, केव्हा केला, हे कसे शोधायचे? आणि दुरुस्त करून तो पुण्याला न्यावा का?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातली सर्वांत चांगली गोष्ट अशी की तुम्ही वाद्य अजून दुरुस्तीला दिलेले नाही. पुढचे काही आठवडे तरी ते तसेच राहू द्या. पत्र्याला पॉलिश लावू नका, लाकडाला तेल लावू नका, कातडे ताणणारे गंजलेले हुक बदलू नका आणि तारा चढवून वाजवून बघण्याचा मोह आवरा. जुन्या बँजोचा कर्ता ओळखण्यासाठी जे पुरावे लागतात ते बहुतेक मळात, स्क्रूच्या खाचांत आणि झिजलेल्या कडांवर असतात, आणि हौशी साफसफाईत तेच आधी जातात.

मामांचे म्हणणे आधी निकालात काढू, कारण त्यांचेही खरे आहे. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायचा असतो. त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो, जो नागोया शहरात १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी तयार केला. त्याला कातडे नसते, लांब दांडी नसते. तुमच्या हातातल्या वाद्याचे घराणे वेगळे, आणि ते शोधताना इंटरनेटवर ‘इंडियन बँजो’ या नावाखाली सापडणाऱ्या माहितीचा काही उपयोग होणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. बहुतेक लोक बँजो हातात आला की आधी नाव शोधतात, नाव सापडले की साल शोधतात आणि साल सापडले की थांबतात. माझा सल्ला उलट आहे. नाव अगदी शेवटी वाचा. आधी सुटे भाग वाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बँजोचा धंदा असा चालत असे की वाद्य एकाने करायचे आणि त्यावर शिक्का दुसऱ्याचा मारायचा. न्यूयॉर्कच्या जॉन बकबी यांच्या कारखान्यातून १८६० च्या दशकापासून १८९७ पर्यंत असंख्य बँजो बाहेर पडले, पण त्यांतल्या कित्येकांवर बकबीचे नाव नाही. दुकानदाराचे, संगीतशिक्षकाचे किंवा घाऊक व्यापाऱ्याचे नाव आहे, अथवा काहीच नाही. १८९७ मध्ये तो कारखाना रेटबर्ग आणि लँग यांनी घेतला आणि त्यांनीही दुसऱ्यांसाठी वाद्ये करण्याची तीच रीत पुढे चालवली. पुढे सीअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड यांच्यासारखी टपालाने माल विकणारी घराणी आपापल्या ठेवणीतली नावे वाद्यांना देत राहिली. म्हणून डोक्यावर नाव नसणे हे तुमच्या बँजोचे न्यून नाही, आणि उद्या एखादे नाव सापडलेच तरी ते कारागिराचे असेलच असे नाही.

सुटे भाग मात्र सहसा खोटे बोलत नाहीत. फक्त ते ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतात. समजा, तारा जिथे खाली अडकवतात त्या पट्टीचा स्क्रू चौफुलीच्या खाचेचा, म्हणजे आपण ज्याला फिलिप्स म्हणतो तसा असेल. त्या स्क्रूचे पेटंट १९३६ चे आहे. मग एक तर वाद्य त्यानंतरचे आहे, किंवा कुणीतरी नंतर तो स्क्रू बसवला आहे. कोणती शक्यता खरी हे ठरवायला स्क्रूच्या भोवतीचे लाकूड पाहायचे: जुन्या, सरळ खाचेच्या स्क्रूचे भोक वेगळ्या आकाराचे असते आणि आधीच्या पट्टीची सावली, म्हणजे कमी मळलेला, उजळ आकार, नव्या पट्टीच्या कडेने डोकावतो. कातड्याचेही तसेच. वर ताणलेले कातडे दुधी प्लास्टिकचे असेल तर ते १९५० च्या दशकाच्या अखेरीनंतर बसवलेले आहे, कारण त्याआधी तसे कातडे बाजारातच नव्हते; पण कातडे हा बँजोचा बदलायचाच भाग असल्यामुळे त्यावरून वाद्याचे वय काढू नये. उलट, खरे वासराचे कातडे कधी हाती लागले तर ते काढताना आतली बाजू पाहावी. कातडे चढवणारे कारागीर आणि हौशी वादक तिथे पेन्सिलीने आपले नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवत. पेन्सिलीची ती एक ओळ छापील शिक्क्यापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते, अर्थात ती फक्त कातडे बसवल्याची तारीख असते हे ध्यानात ठेवून.

पत्रातल्या वर्णनावरून रिमचा पुरावा सर्वांत बोलका आहे. लाकडी कड्यावर पांढऱ्या धातूचा पत्रा चढवून त्याच्या कडा आत वळवायच्या, ही पद्धत १८८० ते १९०० च्या आसपासच्या वीस वर्षांत जोरात होती. त्या धातूला जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. उठावाचे पडदे, ११ इंचांची रिम, पुष्कळ हुक आणि उघडी पाठ ही सगळी लक्षणे त्याच काळाकडे बोट दाखवतात. हुक मोजा, आणि ते मोजतानाच रिमला रिकामी भोके आहेत का ते पाहा. रिकामी भोके असतील तर रिम एका वाद्याची आणि बाकीचा ऐवज दुसऱ्याचा असण्याची शंका घ्यावी लागते. दांडी जिथे रिमला टेकते तिथला खाचेचा गोलवा रिमच्या गोलव्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. मध्ये कागद सरकेल एवढी फट असेल, किंवा तिथे लाकडाची चकती, पुठ्ठा असे काही भरलेले असेल, तर ती दांडी बहुधा उपरी आहे. जुन्या बाजारात असे जोडकाम केलेले बँजो फार फिरतात, आणि त्यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. तुटलेल्या दोन वाद्यांतून एक चालते वाद्य करणे हा गरजेचा मार्ग होता.

दांडीवरची काळी पट्टीही तपासा. भारी बँजोवर ती खऱ्या आबनुसाची असे. स्वस्त मालात नासपतीसारख्या फिक्या लाकडाला काळा रंग देऊन आबनुसाचा भास निर्माण करत. भिंगातून पडद्यांच्या कडेचा, बोटे घासून झिजलेला भाग पाहिला की फिकट लाकूड दिसते किंवा दिसत नाही. ही एक खूण वाद्य कोणत्या पायरीचे होते ते सांगते, आणि पायरी कळली की कर्त्यांची यादी आपोआप लहान होते.

आता यादवी युद्धाची गोष्ट. ते युद्ध १८६१ ते १८६५ चे. त्या काळचा ठराविक बँजो म्हणजे पडदे नसलेली गुळगुळीत दांडी, सहसा तुमच्या रिमपेक्षा मोठी, धातूचा पत्रा नसलेली लाकडी रिम आणि मोजकेच हुक. बाल्टिमोरचा विल्यम एस्परन्स बाउचर हा नगारे करणारा कारागीर १८४० च्या दशकात बँजो करून विकू लागला, आणि नगाऱ्याचे कातडे ताणण्याची हुकांची युक्ती त्याने बँजोला लावली. त्याचे बँजो स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत आणि त्यांची छायाचित्रे पाहिलीत तर तुमच्या वाद्याशी असलेला फरक एका नजरेत कळेल. तुम्ही वर्णन केलेले वाद्य मला त्या युद्धानंतर निदान पंधरा-वीस वर्षांनी घडलेले वाटते. हे त्या कुटुंबाला सांगताना जरा जपून सांगा. पणजोबा युद्धात गेले असतील, ते बँजो वाजवतही असतील आणि तरीही हा बँजो त्यांनी पुढे, संसाराला लागल्यावर घेतलेला असेल. घराण्याच्या आठवणीत दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्यातली वर्षे गळून पडतात.

त्या फोटोची प्रत मात्र अवश्य मागून घ्या. पत्र्यावरचे फोटो, ज्यांना टिनटाइप म्हणतात, ते प्रत्यक्षात लोखंडी पत्र्यावर असतात. मागून लोहचुंबक चिकटले की ओळख पटते. अशा फोटोत चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटते, त्यामुळे उजव्या हाताचा वादक डावखुरा दिसतो आणि पाचव्या तारेची खुंटी दांडीच्या भलत्याच बाजूला दिसते. फोटो संगणकावर आडवा उलटवून मगच तुमच्या वाद्याशी ताडून पाहा: ताऱ्यांच्या जागा, डोक्याचा आकार, हुकांमधले अंतर. आणखी एक सावधगिरी म्हणजे त्या काळचे स्टुडिओवाले फोटोपुरते वाद्य हातात देत असत. फोटोतला बँजो पणजोबांचा असेलच असे धरून चालू नका.

वाद्याचा इतिहास म्हणजे फक्त कारखान्याचे नाव आणि साल नव्हे, म्हणून इथे थोडा मागे जातो. बँजो अमेरिकेत गोऱ्या कारागिरांनी शोधला असे जुन्या जाहिरातींतून आणि काही घरगुती आख्यायिकांतून ऐकायला मिळेल. ते चूक आहे. भोपळ्यावर कातडे ताणून केलेली, दांडीची तंतुवाद्ये पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या स्मरणातून कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेत घडली. हॅन्स स्लोन या वैद्याने १६८७ नंतर जमैकात अशी वाद्ये पाहिली आणि १७०७ च्या आपल्या ग्रंथात त्यांचे चित्र दिले. साउथ कॅरोलायनातल्या जॉन रोझ या मळेवाल्याने १७८५ ते १७९० च्या दरम्यान काढलेल्या जलरंगातील चित्रात एक कृष्णवर्णीय वादक भोपळ्याचा बँजो वाजवताना दिसतो, आणि त्या वाद्याला अंगठ्याने छेडायची आखूड तार स्पष्ट आहे. व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने ही आखूड तार शोधून काढली, अशी एक लोकप्रिय कथा आहे. स्वीनीचा जन्म १८१० च्या सुमाराचा असल्यामुळे हे चित्र ती कथा एकट्यानेच मोडून काढते. स्वीनी आणि त्याच्यासारखे गोरे वादक तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत रंगमंचावर बँजो वाजवू लागले, १८४३ मध्ये न्यूयॉर्कला अशा खेळांची पहिली गाजलेली मंडळी उभी राहिली, आणि त्या खेळांच्या मागणीतून बँजोचे कारखाने निघाले. तुमच्या वाद्याची धातूची चकाकी याच्या पुढच्या टप्प्यातली, म्हणजे बँजोला मध्यमवर्गीय दिवाणखान्यात, महाविद्यालयांच्या वाद्यमंडळांत आणि मुलींच्या संगीतशिक्षणात जागा मिळाली त्या काळातली आहे.

या टप्प्याचा सर्वांत मोठा प्रचारक म्हणजे दुकानदाराने ज्याचे नाव घेतले तो सॅम्युएल स्वेम स्ट्युअर्ट. तो फिलाडेल्फियाचा, म्हणजे तुमच्याच राज्यातला. त्यामुळे दुकानदाराचा तर्क अगदीच हवेतला नाही. स्ट्युअर्टने १८७० च्या दशकाच्या अखेरीस धंदा सुरू केला, १८९८ मध्ये तो जेमतेम त्रेचाळिसाव्या वर्षी वारला, आणि मधल्या काळात त्याने ढिगाने बँजो विकले. लाकडी रिमवर जर्मन सिल्व्हरचा पत्रा हा त्याच्या जाहिरातींचा आवडता विषय होता. पण तोच पत्रा त्याचे प्रतिस्पर्धीही वापरत, त्यामुळे पत्रा पाहून स्ट्युअर्टचे नाव घेणे घाईचे आहे. माणूस मोठा चतुर आणि तितकाच अडचणीचा. बँजोला प्रतिष्ठा मिळावी म्हणून मळ्यांवरच्या गुलामांशी असलेले त्याचे नाते पुसट करण्याचा खटाटोप तो आपल्या लेखनातून करत राहिला, आणि त्याच वेळी होरेस वेस्टन या कनेक्टिकटमध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय वादकाचे नाव जाहिरातीत झळकवून आपला माल खपवत राहिला. वेस्टन १८९० मध्ये वारला. त्या काळच्या उत्तम बँजोवादकांत त्याची गणना होत असे.

स्ट्युअर्टचे काही हाती लागते का, हे काठीवरचा शिक्काच सांगेल, म्हणून तो वाचण्याची रीत नीट सांगतो. कातड्याखालून दांडीच्या बुंध्यापासून रिमच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या या काठीला तिथले कारागीर डॉवेल स्टिक म्हणतात, आणि जुन्या बँजोत नाव, गाव, क्रमांक बहुधा तिथेच ठोकलेले असतात. वाद्य मऊ कापडावर पालथे ठेवा. खोली अंधारी करा. विजेरी वरून न धरता काठीच्या जवळजवळ समांतर, अगदी आडवी धरा आणि हळूहळू चारी बाजूंनी फिरवा. ठोकलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि समोरून सपाट दिसणाऱ्या जागेतून एखादे अक्षर अचानक वर येते. प्रत्येक कोनातून मोबाइलने फोटो घ्या, कारण एका फोटोत पहिली दोन अक्षरे आणि दुसऱ्यात शेवटची तीन असे वाट्याला येते. खडूची भुकटी चोळू नका, ओले बोट फिरवू नका. अक्षरे पुरती लागली नाहीत तरी शिक्क्याचा आकार, त्यातल्या ओळींची संख्या आणि शहराचे नाव एवढ्यावरून पुष्कळ काम होते. कारण कर्त्याचे दुकान हलले की शिक्क्यातला पत्ता बदलत असे, आणि तो पत्ता त्या शहराच्या वार्षिक व्यापारी निर्देशिकेत शोधला की कोणत्या वर्षांत ते दुकान तिथे होते हे कळते. अशा निर्देशिका अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांनी इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत.

चार आकडी क्रमांकाविषयी मात्र फार आशा धरू नका. क्रमांकावरून साल काढण्याची सोय फक्त काही कर्त्यांच्या बाबतीत आहे. बॉस्टनच्या फेअरबँक्स कंपनीचा कारखाना १९०४ मध्ये जळाला, ती व्हेगा कंपनीने विकत घेतली आणि क्रमांकांची मालिका पुढे चालू ठेवली, त्यामुळे त्या दोघांच्या वाद्यांची वर्षे संशोधकांनी बऱ्यापैकी लावली आहेत. इतरांच्या बाबतीत तो आकडा निव्वळ जुळणीचा असू शकतो, म्हणजे अमुक दांडी अमुक रिमचीच हे कामगाराला कळावे म्हणून ठोकलेला. तोच आकडा दांडीच्या बुंध्यावर किंवा काळ्या पट्टीच्या टोकाखाली पुन्हा सापडतो का पाहा. सापडला तर निदान ही दोन अंगे जन्मापासून एकत्र आहेत एवढी खात्री होईल.

हुकांवर, कातडे ताणणाऱ्या कड्यावर किंवा तारा अडकवायच्या पट्टीवर पेटंटची तारीख कोरलेली असेल तर ती मोठी मदत. अमेरिकेत पेटंटे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मंगळवारीच दिली जातात. तेव्हा अर्धवट पुसलेली तारीख ७ आहे की १ असा घोळ पडला, तर जुनी दिनदर्शिका काढून त्यांतला मंगळवार कोणता ते पाहायचे आणि तीच तारीख पेटंट कार्यालयाच्या खुल्या दप्तरात शोधायची. तिथे कर्त्याचे नाव आणि भागाचे रेखाचित्रही मिळते. त्या काळी पेटंटची मुदत सतरा वर्षे होती, पण साचा एकदा केला की मुदत संपल्यावरही तीच तारीख उठत राही. म्हणजे ही तारीखसुद्धा खालची मर्यादा सांगते, वरची नाही. सुट्या भागावर जर्मनी असे देशाचे नाव असेल तर तो भाग बहुधा १८९१ नंतर अमेरिकेत आला, कारण १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले.

एवढे झाल्यावर नावांकडे वळा. स्ट्युअर्टने १८८२ पासून काढलेले ‘बँजो अँड गिटार जर्नल’ हे नियतकालिक रोचेस्टर विद्यापीठाच्या सिबली संगीत ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवले आहे. त्यातल्या जाहिरातींत त्याच्या वेगवेगळ्या नमुन्यांची चित्रे आहेत आणि तुमच्या ताऱ्यांची मांडणी त्यांच्याशी जुळवून पाहता येईल. ओक्लाहोमा सिटीतल्या अमेरिकन बँजो म्युझियमला फोटो पाठवून विचारणा करता येते. १९४८ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन बँजो फ्रॅटर्निटी ही संस्था एकोणिसाव्या शतकातली वादनशैली जपणाऱ्यांची आहे आणि ती पेन्सिल्वेनियातही मेळावे भरवत आली आहे. तिथल्या जाणत्यांच्या हातून अशी वाद्ये नित्य जातात. बकबीच्या कारखान्यातली दांडी ते बुंध्याच्या कोरीवकामावरून ओळखतात, जे कुठल्याही यादीत सापडणार नाही.

पणजोबांचा शोध हा वेगळा धागा आहे आणि तो वाद्याच्या शोधात मिसळू देऊ नका. त्यांचे पूर्ण नाव आणि परगणा कुटुंबाकडून घ्या. यादवी युद्धातल्या सैनिकांची निवृत्तिवेतनाची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जनगणनेच्या नोंदी १९५० पर्यंतच्या खुल्या आहेत, पण १८९० च्या बहुतेक नोंदी १९२१ च्या आगीत गेल्या. नेमकी तुमच्या वाद्याच्या जन्माची वर्षे अंधारात राहतात, तेव्हा स्थानिक वृत्तपत्रांतल्या जलशांच्या बातम्यांचा आधार घ्यावा लागेल. घरातल्या मंडळींनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याचे नाते आणि तारीख घालून लिहून ठेवा. त्यावर तुमची मते वेगळ्या कागदावर.

दुरुस्तीविषयी माझे मत ठाम आहे. त्या काळातले बँजो आतड्याच्या तारांसाठी केलेले असतात. पोलादी तारांचा ताण त्यांच्या दांडीला सोसत नाही; काही महिन्यांत दांडी धनुष्यासारखी वाकते आणि मग ती सरळ करण्याचा खर्च वाद्याच्या किमतीहून जास्त होतो. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारा चढवा. आधुनिक तारा, नवी घोडी, नवे कातडे हे सगळे चालेल, कारण ते परत काढता येते. दांडी तासणे, नव्याने वार्निश देणे, भोक पाडणे हे चालणार नाही. कारागिराकडून काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी गंजका स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून परत मागून घ्या. खऱ्या कातड्याचा आग्रह धरलात तर पावसाळी हवेत ते सैल पडून आवाज बसेल, आपल्याकडे डफ शेकून घ्यावा लागतो तशातलाच प्रकार. प्लास्टिकचे कातडे दिसायला कमी जुने वाटले तरी त्रास कमी देते, आणि तुमच्यासारख्या पहिलटकराला मी तेच सुचवीन.

किंमत तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो, कारण उद्या कुणीतरी विचारेल. त्या काळचे बिननावाचे साधे बँजो सहसा काही शे डॉलरांत जातात. नामांकित कर्त्यांचे कोरीव नमुने आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे गिब्सन कंपनीचे काही बँजो यांचे आकडे फार वेगळे असतात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही फार आहेत. जो विकत घ्यायला उत्सुक आहे त्याच्याकडून किंमत ठरवून घेऊ नका. ‘स्ट्युअर्ट’ म्हणणाऱ्या दुकानदारानेच पुढे विकत मागितला, तर त्याच्याकडून आधी ‘स्ट्युअर्ट कशावरून’ याचे उत्तर घ्या.

राहिला पुण्याचा प्रश्न. तुमच्या खुंट्या पांढऱ्या आहेत, त्यामुळे वाद्य देशाबाहेर नेण्याआधी त्या कशाच्या आहेत हे ठरले पाहिजे. त्या लाकडी असतील, हाडाच्या असतील, सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या असतील किंवा हस्तिदंताच्या. भिंगातून पाहिल्यावर हाडात बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या दिसतात, सेल्युलॉइडच्या नकली हस्तिदंतात सरळ समांतर पट्टे दिसतात, आणि खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. तापलेली सुई टोचून बघा, असे सांगणारे लोक भेटतील. त्यांचे ऐकू नका, कारण सेल्युलॉइड झटकन पेट घेते. हस्तिदंत किंवा कासवाची ढाल निघाली तर परवान्याशिवाय वाद्य सीमेपलीकडे नेता येणार नाही आणि विमानतळावर ते जप्त होऊ शकते. अशा वेळी मी ते पेन्सिल्वेनियातच ठेवीन. हाड किंवा सेल्युलॉइड असेल तर तारा सैल सोडून, घोडी काढून, कडक पेटीतून खुशाल न्या.

पुढच्या पत्रासोबत चार फोटो पाठवा: आडव्या उजेडातला शिक्का, दांडीचा बुंधा जिथे रिमला टेकतो ती जागा, डोक्याची मागची बाजू आणि एका खुंटीचे टोक भिंगातून. शिक्का वाचता आला नाही तरी बुंध्याच्या कोरीवकामावरून निदान बकबीचा कारखाना यादीत ठेवायचा की काढायचा, एवढे नक्की सांगता येईल.